फोनवरचे प्रश्न आधी वहीत, मग पानावर: गिऱ्हाईक आणणारी वेबसाइट कशी बांधावी

वसमतचे एक हळदवाले काका माझ्याकडे आले तेव्हा त्यांची वेबसाइट आधीच तयार होती. दोन वर्षं जुनी, दिसायला देखणी. वर सरकणारी चार चित्रं, खाली 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास', त्याखाली संस्थापकांचं मनोगत. महिन्याला तीनेकशे माणसं तिथे येऊन जात होती, पण दोन वर्षांत त्या वाटेने एकही अनोळखी गिऱ्हाईक आलं नव्हतं.

मी त्यांच्या दुकानात तासभर नुसता बसून राहिलो. त्या तासात अकरा फोन आले. "सेलमच (हळदीची एक जात) आहे ना?" "किलोला काय भाव?" "परभणीला पाठवता का?" "हळकुंडं मिळतील की फक्त पावडर?" "रंग घातलेला नाही ना?" काका प्रत्येकाला न कंटाळता सांगत होते, आणि ऐकणारा बहुतेक वेळा माल मागवूनच फोन ठेवत होता. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर वेबसाइटवर नव्हतं. माणूस जे विचारायला येत होता ते सोडून बाकी सगळं तिथे होतं.

तेव्हापासून मी कुणाचंही काम घेताना रंग, चित्रं, लोगो यांचं बोलणं शेवटी ठेवतो. आधी वही. मराठवाड्यात वाळूजच्या वर्कशॉपपासून लातूरच्या डाळ मिलपर्यंत ज्यांच्यासाठी मी वेबसाइट केल्या, त्यांच्या कामातून जी पद्धत बसत गेली ती इथे क्रमाने मांडतो. वेबसाइट तुम्ही स्वतः करा की कुणाकडून करून घ्या, हा क्रम उपयोगी पडेल.

पंधरा दिवसांची वही

दोनशे पानी साधी वही घ्या आणि फोनजवळ ठेवा. पंधरा दिवस येणारा प्रत्येक फोन, व्हॉट्सॲपचा प्रत्येक निरोप आणि दुकानात येणाऱ्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न त्यात उतरवा. चार गोष्टी लिहायच्या: माणूस कुठला, त्याने पहिला प्रश्न काय विचारला, तुम्ही काय उत्तर दिलं आणि बोलणं कुठे थांबलं. चौथा रकाना सर्वांत मोलाचा. "बघतो, कळवतो" म्हणून फोन ठेवला असेल तर त्याच्या अगोदरचं वाक्य कोणतं होतं, तेही लिहा. पाठवणीचा खर्च ऐकल्यावर माणूस थांबला, की "सध्या माल नाही" म्हटल्यावर?

वही लिहायची कुणी? जो फोन उचलतो त्याने. पुष्कळ घरच्या धंद्यांत मालक बाजारात असतो आणि फोन घरातली बाई किंवा दुकानावरचा मुलगा घेतो. गिऱ्हाईक खरं काय विचारतं ते त्यांना जास्त ठाऊक असतं. वेबसाइटचा मजकूर ठरवताना त्यांना समोर बसवा. मालक सांगतो तो धंद्याचा इतिहास असतो. त्यांच्याकडून कळते ती गिऱ्हाइकाची अडचण.

पंधरा दिवसांनी प्रश्न मोजा. माझ्या अनुभवात बोलणी शंभर असली तरी वेगळे प्रश्न सहा-सातच निघतात. सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न पानावर सर्वांत वर, त्याखालचा त्याच्या खाली. तुमच्या वेबसाइटचा नकाशा इथेच तयार झाला.

प्रश्न धंद्यागणिक फार वेगळे असतात, म्हणून दुसऱ्याची वेबसाइट पाहून आपली करण्याला माझा विरोध आहे. वेरूळजवळ खोल्या भाड्याने देणाऱ्या एका कुटुंबाच्या वहीत खोलीच्या भाड्याहून जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "लेणी कोणत्या दिवशी बंद असतात?" वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. एवढं एक वाक्य आम्ही पानाच्या वरच्या भागात घातलं आणि त्याखाली लिहिलं: 'सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा असा बेत ठेवा, दोन्ही दिवस मुक्काम आमच्याकडे करा.' प्रवाशाचा प्रश्न सुटला आणि एका मुक्कामाचे दोन झाले.

पान उघडताच काय दिसावं

आपल्याकडे वेबसाइट बघितली जाते ती फोनवर, बहुतेकदा उन्हात, एका हाताने. त्या स्क्रीनवर बोट न सरकवता जेवढं दिसतं तेवढ्यात चार गोष्टी कळायला हव्यात: तुम्ही काय विकता, कुठून विकता, किती पैसे पडतील आणि आता पुढे काय करायचं.

वसमतच्या काकांच्या जुन्या पानावर सरकणारी चित्रं होती. ती पहिल्यांदा काढली. एक चित्र वाचून होईपर्यंत दुसरं येतं, बोट लावावं तर तिसरं उघडतं, आणि चारही मोठी चित्रं उतरेपर्यंत पान अडून बसतं. त्या जागी त्यांच्याच अंगणात वाळत घातलेल्या हळदीचा एक फोटो ठेवला आणि मजकूर असा लिहिला:

'वसमतची सेलम हळद. शिजवून, उन्हात वाळवून, आमच्याच गिरणीत दळलेली. बाहेरचा रंग नाही, पीठ नाही. १ किलो, अर्धा किलो आणि पाव किलो. महाराष्ट्रात कुठेही घरपोच.'

त्याखाली किंमत, आणि किमतीखाली दोन बटणं: 'हळद मागवा' आणि 'काकांना फोन करा'. 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' काढायला काकांचं मन होईना. मी त्यांना विचारलं, "हेच वाक्य शेजारच्या सिमेंटच्या दुकानावर लावलं तर चालेल का?" चालेल, म्हणाले. मग ते हळदीबद्दल काहीच सांगत नाही. ही चाचणी तुम्हीही प्रत्येक वाक्याला लावा. दुसऱ्या धंद्याच्या पाटीवर जसंच्या तसं बसणारं वाक्य पहिल्या स्क्रीनवरून खाली जाऊ द्या.

एका पानाकडून एकच मुख्य काम मागा. मागवा, फोन करा, फेसबुकवर या, यूट्यूब पाहा, माहितीपत्रक उतरवा, असं सगळं एका ओळीत मांडलं की माणूस काहीच करत नाही. मुख्य बटण गडद रंगाचं, बाकीचं साधं. बटणावर 'सबमिट' लिहू नका. दाबल्यावर जे होणार तेच लिहा: 'भाव विचारा', 'खोली राखून ठेवा', 'ड्रॉइंग पाठवा'.

भाव लिहायचा की नाही

या मुद्द्यावर माझे सर्वांत जास्त वाद झाले आहेत. "भाव टाकला की समोरच्या दुकानदाराला कळतो," हे मोंढ्यातल्या माणसाचं पहिलं म्हणणं. समोरच्याला तो आधीच माहीत असतो; त्याचा माणूस गिऱ्हाईक होऊन फोन करून गेलेला असतो. भाव कळत नाही तो फक्त खऱ्या गिऱ्हाइकाला, आणि तो विचारत बसण्याऐवजी भाव लिहिलेल्या दुसऱ्या पानावर जातो.

खरी अडचण वेगळी आहे. हळद, तूर, सोयाबीन यांचे बाजारभाव रोज हलतात. त्यावर तोडगा असा: किरकोळ पाकिटांचा भाव स्पष्ट लिहा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदला. पोत्याने, क्विंटलने घेणाऱ्यासाठी वेगळा चौकोन करा: 'घाऊक मालाचा आजचा भाव व्हॉट्सॲपवर विचारा, सकाळी ११ नंतर.' वेळ लिहिल्याने दोघांचीही सोय होते. जिथे भाव कामागणिक ठरतो, जसं फॅब्रिकेशन, इंटिरियर, मंडप, तिथे किमान आकडा द्या आणि तो कशाने वाढतो ते सांगा: 'लोखंडी गेटचा भाव वजनावर. पत्र्याची जाडी आणि नक्षी यांनी फरक पडतो.'

पाठवणीचा खर्च लपवू नका. काकांच्या वहीत बोलणं तुटण्याची मुख्य जागा हीच होती. शेवटच्या पायरीवर अचानक ८० रुपये वाढले की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. आम्ही किमतीच्या शेजारीच लिहिलं: '२ किलोच्या वर पाठवणी आमच्याकडून.' एक किलो मागवायला आलेले बरेचजण शेजाऱ्याला विचारून दोन किलो घेऊ लागले.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली 'डार्क पॅटर्न' म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात १३ प्रकार नोंदवले. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं, 'फक्त २ शिल्लक' अशी खोटी घाई करणं, न मागता टोपलीत वस्तू घालणं, हे सगळे त्यात येतात. काही वेबसाइटवाले उलटं धावणारं घड्याळ फुकट बसवून देतात. ते घेऊ नका. माल खरंच संपत आला असेल तर तसं लिहा, पण दर वेळी तासाभराने पुन्हा सुरू होणारं घड्याळ म्हणजे गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं आहे.

मराठी, इंग्रजी आणि अक्षरं

भाषा गिऱ्हाइकाच्या भाषेवरून ठरवा. हळद, रोपवाटिका, शेती अवजारं, दवाखाना, क्लासेस यांना मराठी आधी. वाळूज-चिकलठाण्याच्या वर्कशॉपला इंग्रजी आधी, कारण खरेदी अधिकारी पुण्यात, चेन्नईत किंवा परदेशात बसलेला असतो. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून माणसं येतात, म्हणून तिथल्या लॉजला हिंदी आणि इंग्रजी हव्यात. पंजाबीत चार ओळी लिहिल्या तर फारच चांगलं. यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता लावू नका. मुखपृष्ठाला 'घर' आणि खरेदीच्या टोपलीला 'गाडी' म्हणणारी पानं मी दुरुस्त केली आहेत.

दुसरी गोष्ट आपल्याकडे फार घडते. हँडबिल, लग्नपत्रिका, फ्लेक्स करणारे आपले कलाकार श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम करतात. तोच मजकूर वेबसाइटवर चढवला तर एक तर तो चित्र होऊन बसतो, नाहीतर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होतो. दोन्ही बाबतींत गूगलला तुमची मराठी नीट कळत नाही आणि 'वसमत हळद' शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोनना आणि गूगलला कळणाऱ्या अक्षरपद्धतीतच हवा. तपासायला एक सोपा उपाय आहे. पानावरचं एक वाक्य बोट दाबून निवडा, कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठीत उमटलं तर ठीक. निवडताच येत नसेल तर ते चित्र आहे, आणि भलतीच इंग्रजी अक्षरं आली तर फॉन्ट जुना आहे.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींतलं अंतर आपल्याला अपुरं पडतं. अक्षर १७-१८ पिक्सेलच्या खाली नको आणि ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्त, १.६ किंवा १.७ ठेवा. फार जाड अक्षरात जोडाक्षरं भरून येतात. 'मुक्ता', 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट मोफत मिळतात आणि फोनवर स्वच्छ दिसतात. पांढऱ्यावर पिवळी किंवा करडी अक्षरं उन्हात वाचता येत नाहीत. वेब सुलभतेचा आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी अक्षर आणि मागचा रंग यांत किमान ४.५ ला १ इतका उठाव मागतो. हळदवाल्यांना पिवळा रंग हवाच होता. तो आम्ही पट्ट्यांना दिला, अक्षरं गडद तपकिरी ठेवली.

गावांच्या नावांकडेही लक्ष द्या. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव अधिकृतपणे २०२३ साली झालं, पण शोधताना लोक जुनं आणि नवं दोन्ही टंकतात. बाहेरच्या राज्यातला खरेदीदार तर जुन्या नावानेच शोधण्याची शक्यता जास्त. पत्त्यात नवं नाव लिहा आणि 'आमच्याविषयी'च्या मजकुरात 'पूर्वीचं औरंगाबाद' असा उल्लेख एकदा येऊ द्या. गावाचं नाव मथळ्यात असू द्या. 'डाळ मिल' असं नुसतं शोधणारा कुठलाही असेल, 'उदगीर तूर डाळ घाऊक' शोधणाऱ्याला मात्र तुम्हीच हवे असता.

अनोळखी माणसाने विश्वास का ठेवावा

पैसे आधी पाठवायचे आणि माल नंतर मिळणार, हा व्यवहार गिऱ्हाइकाला धोक्याचा वाटतो. त्याची भीती घालवेल असं खरं काही दाखवा. विकतचे गुळगुळीत फोटो, त्यातही टाय लावून हस्तांदोलन करणारे परदेशी लोक, यांनी संशय वाढतो. दुकानाच्या पाटीचा फोटो, गिरणीचा फोटो, स्वतः तुमचा फोटो, पाकीट हातात धरलेला फोटो, म्हणजे आकार कळतो. हे सगळं साध्या फोनवर सकाळी आठ-नऊच्या उन्हात छान येतं. काकांच्या पानावर लोक सर्वांत जास्त वेळ थांबतात तो ४० सेकंदांचा व्हिडिओ आहे: हळद कढईतून निघताना, अंगणात पसरताना, पॉलिश होताना, दळताना. त्याला संगीत नाही, फक्त गिरणीचा आवाज आहे.

खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा) १४ अंकी क्रमांक पानावर द्या. जीएसटी क्रमांक असेल तर तोही. पाकीटबंद मालाचं निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता ही माहिती ऑनलाइन विक्रीतही दाखवावी लागते. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव देणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. छोट्या धंद्यात हा अधिकारी म्हणजे तुम्हीच किंवा तुमचा भाऊ. नाव लिहा. कायदा पाळला जातो आणि वाचणाऱ्याला समोर एक माणूस दिसतो.

वसमतची हळद, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा, पैठणी यांना भौगोलिक मानांकन आहे. ते चिन्ह मात्र गावात राहतो म्हणून लावता येत नाही. १९९९ च्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नोंद करून घ्या, मग लावा. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्या चिन्हाला मोठी किंमत आहे.

परतीचे नियम वकिली भाषेत लिहू नका. 'पाकीट फुटलेलं मिळालं तर फोटो पाठवा, दुसरं पाठवतो. हळद आवडली नाही तर उरलेली परत पाठवा, पैसे परत.' काकांना भीती होती की लोक गैरफायदा घेतील. पहिल्या वर्षात दोन पाकिटं परत आली, दोन्ही पावसात भिजलेली.

वाळूजच्या वर्कशॉपची गोष्ट वेगळी

१९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग करणारी वर्कशॉप वाढत गेली. यांचं गिऱ्हाईक वेबसाइटवर पैसे भरत नाही. खरेदी अधिकारी येतो, दोन मिनिटांत 'हे लोक आपलं काम करू शकतील का' एवढं ठरवतो, आणि जमणार असेल तर ड्रॉइंग पाठवतो. त्याला मनोगत नको, यंत्रांची यादी हवी. कोणत्या मेकचं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग यंत्र), टेबलचा आकार काय, तिन्ही दिशांना किती मिलिमीटर चालतं, सीएनसी लेथवर जास्तीत जास्त किती व्यासाचा जॉब बसतो. कोणतं मटेरियल नेहमी करता: ईएन-८, एसएस ३०४, ॲल्युमिनियम. किती टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, रोजच्या कामात पाळता. तपासणीला काय आहे, सीएमएम (मापं तपासणारं यंत्र) स्वतःचं की बाहेरून. आयएसओ ९००१ असेल तर प्रमाणपत्राची प्रत आणि त्याची मुदत.

एका वर्कशॉपच्या वेबसाइटवर 'अत्याधुनिक यंत्रसामग्री' एवढंच होतं. आम्ही त्या दोन शब्दांच्या जागी चौदा यंत्रांचा तक्ता टाकला, प्रत्येकाच्या मापांसह, आणि केलेल्या जॉबचे फोटो शेजारी पट्टी ठेवून. ज्या कंपन्यांसाठी काम केलं त्यांचे लोगो त्यांच्या लेखी परवानगीशिवाय लावू नका. 'दुचाकी ब्रेकचे भाग', 'पंपाचे शाफ्ट' असं लिहिलं तरी पुरतं. शेवटी छोटा फॉर्म: ड्रॉइंग जोडा, किती नग, कधी हवेत, फोन किंवा ईमेल. ड्रॉइंग गोपनीय राहील हे त्याच्या शेजारीच लिहा. आणि 'एका कामाच्या दिवसात कोटेशन' असं लिहिणार असाल तर ते द्यायचंच.

बटण दाबल्यावर

फोन नंबर चित्रात नको. दाबला की थेट फोन लागायला हवा. व्हॉट्सॲपची लिंक करताना नंबरच्या आधी ९१ लावा; अधिक चिन्ह, सुरुवातीचं शून्य किंवा मधे मोकळी जागा नको. त्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला निरोप घालता येतो: 'नमस्कार, मला १ किलो हळद हवी. माझा पिनकोड आहे'. माणसाला फक्त आकडे भरायचे राहतात. कोऱ्या खिडकीपुढे अडखळणारे लोक यामुळे पुढे जातात.

फॉर्ममध्ये ज्याचा तुम्हाला आज उपयोग आहे तेवढंच विचारा. भाव विचारणाऱ्याची जन्मतारीख कशाला? प्रत्येक जास्तीच्या रकान्याला काही माणसं गळतात, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही गरजेपुरतीच माहिती घ्या असं सांगतो. पिनकोड मात्र आधी विचारा. सगळे कुरिअर सगळ्या खेड्यांत जात नाहीत. जिथे ते जात नाहीत तिथे टपालाचं पार्सल जातं. तो पर्याय ठेवाच.

पैशांबाबत एक चूक मी फार ठिकाणी पाहतो: दुकानातला क्यूआर कोड फोटो काढून वेबसाइटवर टाकलेला. फोनवर पान पाहणारा माणूस स्वतःच्याच स्क्रीनवरचा कोड कसा स्कॅन करणार? त्याला स्क्रीनशॉट काढून ॲपमध्ये उघडावा लागतो, आणि तोपर्यंत पुष्कळांचा धीर सुटतो. रक्कम भरलेली यूपीआय लिंक द्या किंवा पेमेंट गेटवे लावा, म्हणजे दाबताच ॲप उघडेल. पैसे आल्यावर लगेच 'पैसे मिळाले, माल उद्या निघेल' असा निरोप जाऊ द्या. माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय सुरुवातीला ठेवा, पण ऑर्डर पक्की करण्यासाठी एक फोन करा. न घेतलेलं पार्सल परत येतं तेव्हा दोन्ही फेऱ्यांचा खर्च तुमच्यावर पडतो.

उत्तर कोण देणार हे आधीच ठरवा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरलेली उत्तरं आणि 'दुकान बंद आहे, सकाळी ९ ला कळवतो' असे निरोप लावता येतात. रात्री विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर गेलं तर बांधलेलं सगळं वाया जातं.

वेग

फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे सहा फोटो पानावर टाकले तर ते गावाकडच्या रेंजमध्ये उघडणार नाही. रुंदी १२०० पिक्सेल करा, वेबपी या हलक्या फोटोप्रकारात साठवा. १५० केबीच्या आत बसतो आणि फरक डोळ्यांना दिसत नाही. गूगलचा निकष असा आहे की पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा. 'पेजस्पीड इनसाइट्स' हे त्यांचं मोफत साधन तुमचा आकडा आणि दुरुस्त्या दाखवतं. त्या आकड्यावर थांबू नका. दहा हजारांच्या आतला फोन घ्या, वाय-फाय बंद करा आणि हिंगोलीहून वसमतला जाणाऱ्या एसटीत बसून स्वतः एक ऑर्डर करून पाहा. मी हे प्रत्येक कामाच्या शेवटी करतो. ऑफिसात न दिसलेली अडचण तिथे हमखास दिसते.

मालकी तुमच्या नावावर

डोमेन (वेबसाइटचा पत्ता), होस्टिंग (ती ठेवण्याची जागा), गूगलचं बिझनेस प्रोफाइल, तिन्ही तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या फोनवर असू द्या. माझ्या ओळखीच्या एका रोपवाटिकेचं डोमेन वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर होतं. त्याने काम सोडलं, मुदत संपली, आणि सात वर्षं पाकिटांवर छापलेला पत्ता दुसऱ्याच कुणी घेतला. डोमेनचं नूतनीकरण वर्षाला हजार रुपयांच्या आसपास असतं. एकदम तीन-चार वर्षांचं करून टाका. बिझनेस प्रोफाइलवर नाव, पत्ता, फोन अगदी वेबसाइटवर आहे तसाच ठेवा आणि पोळा, दिवाळीच्या सुट्या तिथे नोंदवा. बंद दुकानापर्यंत आलेलं गिऱ्हाईक सहसा परत येत नाही.

पाच माणसं, आणि पुन्हा वही

वेबसाइट खुली करण्याआधी पाच माणसांच्या हातात फोन द्या. संगणक वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांवर केलेल्या चाचणीतच बहुतेक दोष उघडे पडतात. माझा अनुभवही तोच. धंद्यातली माणसं नकोत. मावशी, शेजारचा कॉलेजचा मुलगा, गावाकडचा पाहुणा. "यावरून अर्धा किलो हळद मागवा" एवढंच सांगा आणि गप्प बसा. बोट कुठे अडतं ते पाहा. मदत केली की चाचणी संपली. काकांच्या वेळी पाचातल्या तिघांनी 'मागवा'च्या आधी चित्रातल्या पाकिटावरच बोट दाबलं. आम्ही पाकिटालाही बटण केलं.

मग मोजायला लागा. गूगल ॲनालिटिक्समध्ये किती माणसं आली याहून फोनचं बटण किती जणांनी दाबलं, व्हॉट्सॲप किती जणांनी उघडलं हे बघा. समजा महिन्यात ४०० आले, २० जणांनी व्हॉट्सॲप उघडलं आणि ८ जणांनी माल घेतला. तर शंभरात दोन गिऱ्हाईक झाले. विसातले बारा कुठे गेले हे व्हॉट्सॲपमध्येच वाचायला मिळतं, आणि उरलेले ३८० पहिल्याच स्क्रीनवरून गेले असतील तर तिथला मजकूर बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन-तीन आठवडे थांबा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. गूगलच्याच सर्च कन्सोल या साधनात लोक कोणते शब्द टंकून आले ते दिसतं. काकांकडे 'लोणच्यासाठी हळद' असं शोधून माणसं येत होती. आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर त्यावर वेगळं पान केलं.

तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा आणि पंधरा दिवस लिहा. काकांच्या दुसऱ्या वहीत "किलोला काय भाव" जवळजवळ नव्हतंच, ते आता पानावर वाचलं जात होतं. त्या जागी वेगळंच वाक्य पुन्हापुन्हा आलं होतं: "मागच्या वेळी दिली तीच हळद आहे ना? तेवढीच पाठवा." काकूंनी ते सतरा वेळा लिहिलं होतं. त्याच आठवड्यात जुन्या गिऱ्हाइकांना जाणाऱ्या निरोपात आम्ही एक बटण वाढवलं, 'मागच्यासारखीच पाठवा'. पत्ता आणि वजन आधीच भरलेलं, दाबलं की ऑर्डर काकूंच्या फोनवर.